बोध लिहून आण, मग पुस्तक ने

सुलभा,

रामकुंडावर तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवला, भटजी जरा मागे सरकले आणि तो आलाच. सगळ्यांना हायसं वाटलं. तुझी नणंद म्हणाली, वहिनीचं सगळं यथासांग झालं होतं, कसलीच इच्छा मागे राहिली नव्हती. मी तिथेच पायरीवर उभी होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इच्छा राहिली नव्हती? माझ्याशी भांडण अर्धवट टाकून गेलीस आणि कावळ्याला घटकाभर थोपवायला तुला तेवढं कारणही पुरलं नाही? लोकांच्या दहाव्याला माणसं उन्हात ताटकळत बसतात, कुणीतरी पुढे होऊन 'पोराचं शिक्षण आम्ही बघू' असा शब्द देतं, तेव्हा कुठे कावळा खाली उतरतो. मी तर शब्द तयार ठेवला होता. म्हणणार होते, सुलभा, तूच बरोबर होतीस, आता जा. खोटंच म्हणणार होते, पण म्हणणार होते. तेवढीही संधी दिली नाहीस.

दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळेत शोकसभा झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडमनी या शाळेत वाचनाचं रोपटं लावलं. इंग्रजीच्या बाई हुंदके देऊन रडल्या. तुमच्या दोघींत गेल्या वर्षापासून 'गुड मॉर्निंग'सुद्धा नव्हतं. मला बोलायला सांगितलं, तर मी म्हटलं घसा बसलाय. घसा चांगला ठणठणीत होता गं. पण उभी राहिले असते तर म्हणाले असते, रोपटं लावलं ते आम्ही दोघींनी, आणि त्यावर पाय देऊन उभी राहिली ती ही एकटी. हार घातलेल्या फोटोसमोर असं बोलता येत नाही. म्हणून इथे बोलते. तुला ऐकून घेण्यावाचून इलाज नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

आठव तरी. सिडकोतल्या या शाळेत आपण दोघी एकदमच लागलो, दोघीही मराठीच्या. आठवी-नववीची पोरं धड्याबाहेरचं एक पान वाचत नाहीत म्हणून दोघींनाही तळमळ वाटायची. त्या वेळच्या मुख्याध्यापकांच्या मागे लागून आपण शनिवारचा शेवटचा तास मागून घेतला. अवांतर वाचनाचा. सतरंजी टाकायची, कपाटातली पुस्तकं तिच्यावर ओतायची, ज्याला जे हवं ते त्यानं उचलायचं. कुणी कुणाला काही विचारायचं नाही. पहिली दोन वर्षं तू त्या सतरंजीच्या कडेला स्वतःही पुस्तक घेऊन बसायचीस. घंटा झाली की पोरं उठायची, तुला मात्र हलवावं लागायचं. ती सुलभा मला आवडायची. तिच्याशी मैत्री केली म्हणून पुढची सुलभा मी इतकी वर्षं चालवून घेतली.

मग तू तो कागद आणलास. छापील पान. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, मुख्य पात्रे, थोडक्यात कथा, आवडलेला प्रसंग, मिळालेला बोध. महिनाअखेरीस प्रत्येकानं एक पुस्तक परिचय द्यायचा, त्याचे गुण तोंडी परीक्षेत धरायचे. दिला नाही तर हातातलं पुस्तक परत घ्यायचं आणि नवीन द्यायचं नाही. मी म्हटलं, अगं, जेवल्यावर कुणी ताटाचा हिशोब विचारतं का? तू चष्म्यावरून बघितलंस आणि म्हणालीस, "शैले, कागद नसला की तास नसतो. तपासणीला आलेला माणूस वाचणारी पोरं बघत नाही, फाईल बघतो." तुझ्या त्या फाईलला वर पारदर्शक कव्हर होतं. पोरांच्या पुस्तकांना साधी खाकी कव्हरंही नव्हती.

तू स्वतः असले कागद भरून वाचत नव्हतीस, हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तुला माहीत होतं. सुरगाण्याकडच्या त्या निवडणूक ड्युटीचं काय? आपल्या दोघींचं केंद्र एकाच शाळेत आलं होतं. सकाळी जीपमधून हाडं खिळखिळी करून पोचलो, दुपारी मतदानाला चिटपाखरू नाही. तू पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली रहस्यकथा काढलीस आणि टेबलाखाली धरून वाचायला लागलीस. तेवढ्यात एक म्हातारी मत द्यायला आली. बोटाला शाई लावायचं काम तुझं होतं. तू तिला हातानंच थांबवलंस आणि म्हणालीस, मावशी, एवढं पान होऊ द्या. ती बिचारी उभी राहिली, आणि मी हसू दाबून दाबून पोटात दुखेस्तोवर बसले. पान झाल्यावर शाई लावलीस, तीही भलत्याच बोटाला लावत होतीस. खून कुणी केला ते परतीच्या जीपमध्ये मला ओरडून ओरडून सांगितलंस, इंजिनाच्या आवाजावर. त्या पुस्तकाचा बोध काय होता गं? कुठल्या कागदावर लिहिलास? तुला चोरून वाचायला मिळालं आणि पोरांना मात्र परवाना काढायला लावलास. याचा मला राग आहे, आणि तू गेलीस म्हणून तो गेलेला नाही.

पोरं तुझ्या वरताण निघाली. नववीतला परिचय पुढच्या वर्षीच्या नववीत जायला लागला, थोरल्या बहिणीचा धाकटीकडे, शेजारच्या दादाचा खालच्या मजल्यावर. ते छोटं चरित्र आठवतं, वाळवीनं खाल्लेलं? पावसाळ्यात कपाटाची खालची फळी गेली, त्यात ते गेलं. मी स्वतः त्याचा भुगा सुपलीत भरून टाकला. त्यानंतरही दरवर्षी त्याचे परिचय येत राहिले. जे पुस्तक शाळेत नाही, बाजारात मिळत नाही, ते नववी ब दरसाल वाचतेय. तू त्यावर लाल पेनानं 'छान' लिहायचीस. मी एकदा ते कागद तुझ्यापुढे ठेवले, म्हटलं, हे पुस्तक कुठाय ते दाखव. तू म्हणालीस, अक्षर तरी सुधारतंय ना. मी दोन दिवस तुझ्या डब्यातलं खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी तू मेथीचे ठेपले आणलेस आणि मी हावरटासारखे खाल्ले, हेही खरंच आहे.

पण सानिकाचं मी पचवू शकत नाही.

नववीची सानिका. मागच्या बाकावरची थोराड पोरगी, वडील अंबडच्या कंपनीत, घरात मोबाईलशिवाय वाचायला काही नाही. तिला वाचायला वेळ लागायचा, ओठ हलवत वाचायची. शाळा सुरू झाल्यापासून ती पातळ पुस्तकांशी चाळा करत होती आणि एका शनिवारी तिनं ती सर्कशीची कादंबरी उचलली. विटेएवढी जाड. मीच मेनरोडवरच्या रद्दीच्या दुकानातून आणली होती, स्वतः मात्र वाचली नव्हती. बुडीत निघालेली सर्कस, आजारी पडलेला म्हातारा हत्ती, मालक म्हणतो वाटेत सोडून द्या, माहुताची मुलगी म्हणते मीही इथेच राहते. हे मला सानिकानंच सांगितलं, मधल्या सुट्टीत, डबा तसाच ठेवून. जी पोरगी हजेरीलासुद्धा धड आवाज काढत नाही ती मला हत्तीच्या पायाला झालेली जखम हातानं दाखवत होती, एवढी, मॅडम, एवढी. आपण ज्यासाठी तो तास मागून घेतला होता ना, ते हे होतं. इतक्या वर्षांत एवढं स्वच्छ मला कधी दिसलं नव्हतं.

आणि महिना संपला. तू कागद गोळा करायला उभी राहिलीस. सगळ्यांनी दिले, निम्म्यांनी एकमेकांचे बघून. सानिकाकडे कागद नव्हता. तिला तरी काय, शेजारणीचा उतरवून द्यायचा, तू 'छान' लिहिलं असतंस. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, पुस्तक अजून संपलंच नाही, तर बोध कुठून लिहू?" याच्याइतकं शहाणं वाक्य त्या वर्गात कधी कुणी बोललं नसेल. मी दारात होते. मला वाटलं तू हसशील. तू तिच्या हातातून पुस्तक घेतलंस. "बोध लिहून आण, मग पुस्तक ने," म्हणालीस, आणि ते स्टाफरूममधल्या तुझ्या लोखंडी कपाटात टाकून कुलूप लावलंस.

अर्ध्या पुस्तकाचा बोध. अगं, अर्ध्या पोळीनं पोट भरतं का?

त्या दिवशी मी तुला काय काय बोलले ते शिपायानंसुद्धा ऐकलं. तू म्हणालीस, एकीला सूट दिली की उद्या पन्नास जणी उभ्या राहतील. मी म्हटलं, राहू देत ना, पन्नास जणी जाड पुस्तक घेऊन उभ्या राहिल्या तर मी पेढे वाटीन. तू म्हणालीस, तुला वाटायला काय जातंय, उत्तर मला द्यावं लागतं. सानिका दोन शनिवार माझ्याकडे आली. दोन्ही वेळा तेच विचारलं, हत्ती मरतो का मॅडम? मी म्हटलं, मला माहीत नाही, पण पुस्तक मी तुला मिळवून देते. तिसऱ्या शनिवारी ती आली नाही. सहामाही परीक्षा संपली त्या दिवशी मी पुन्हा तुझ्यापुढे उभी राहिले. तू पेपरचे गठ्ठे बांधत होतीस, दमलेली दिसत होतीस, हे आता आठवतंय. तू म्हणालीस, "दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर बघू म्हणे. कोण बघणार होतं?

शाळा उघडल्यावर शनिवारचा तास माझ्याकडे आला. त्याच आठवड्यात गणिताचे सर मुख्याध्यापकांच्या खोलीत पोचले. मॅडम गेल्या, तास रिकामाच आहे, दहावीच्या जादा तासाला द्या. मी तावातावानं आत गेले आणि वाचन, संस्कार, मोबाईल असलं बरंच काही बोलले. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, या तासाचं काही रेकॉर्ड आहे का. मी तुझी ती फाईल आणून टेबलावर ठेवली. त्यांनी दोन पानं उलटली आणि तास राहिला. घे. हे एक तुझं बरोबर होतं. एवढ्यावर फुगून बसू नकोस.

मग त्यांनीच सांगितलं, भित्तिपत्रकाचा अंक मॅडमच्या आठवणींचा काढू, नववीकडून लिहून घ्या. मी पोरांना कोरी पानं दिली, म्हटलं, मॅडमविषयी जे वाटतं ते लिहा. त्यांनी विचारलं, किती ओळी. मी म्हटलं, मनाला येतील तेवढ्या. थोडा वेळ सगळे एकमेकांकडे बघत बसले, मग एकदाचे पेन चालायला लागले. स्टाफरूममध्ये येऊन वाचायला घेतलं आणि कपाळावर हात मारला. सुलभा, पोरांनी तुझा पुस्तक परिचय लिहिला होता. मुख्य पात्रे: मॅडम व विद्यार्थी. आवडलेला प्रसंग: मॅडम आम्हाला पुस्तके द्यायच्या. मिळालेला बोध: आपण रोज वाचन करावे व मोठ्यांचा आदर करावा. एका कागदावर, दुसऱ्या कागदावर, सगळ्या कागदांवर तेच, उतरवलेलं. एकानं तर प्रकाशकाच्या जागी आपल्या शाळेचं नाव घातलं. मी हसायला लागले ते थांबेचना. तू असतीस तर दोघी टेबलावर डोकं ठेवून हसलो असतो. मग कधीतरी त्याचं रडं झालं. इंग्रजीच्या बाईंनी पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, किती जीव होता हिचा. जीव होताच. पण त्या क्षणी तू समोर असतीस तर तो गठ्ठा तुझ्या डोक्यात घातला असता.

गठ्ठ्यात सानिकाचा कागद होता. वर नाव, तुकडी, आणि खाली एकच ओळ. मॅडमकडे माझं पुस्तक राहिलंय.

त्याच संध्याकाळी तुझ्या घरी गेले. कपाटाची किल्ली तुझ्या पर्समध्ये असणार हे मला ठाऊक होतं. भाऊजींनी पर्स तशीच तुझ्या खुर्चीवर ठेवलीय, कुणाला हात लावू देत नाहीत. माझ्यासमोर त्यांनी ती उघडली, किल्ल्यांचा जुडगा काढून दिला आणि चहा टाकला. काकवीसारखा गोड चहा. म्हणाले, रोज घरी आली की मी विचारायचो, आज शैलाताईंशी भांडण झालं का, आणि जिंकलं कोण. मी म्हटलं, काय सांगायची? ते म्हणाले, "म्हणायची, तीच जिंकली. पण तिला सांगू नका, डोक्यावर बसेल."

वा गं वा. नवऱ्याला सांगितलंस. मला सांगायला काय तुझं तोंड झिजत होतं? इतकी वर्षं मी घरी जाऊन आढ्याकडे बघत उत्तरं जुळवत बसायची, उद्या हिला असं म्हणू, तसं म्हणू, आणि तू इकडे केव्हाच हरून मोकळी झालेली असायचीस. भाऊजींनी पुढे केला तो चहा सगळा प्यायले. जिना उतरताना तुला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. परिचयांचे गठ्ठे, खडूंचे खोके, तुझी करड्या रंगाची शाल, आणि वरच्या फळीवर हाताशी येईल अशी ती सर्कस. मध्यावर चॉकलेटचा चांदीचा कागद होता, तो सानिकाचा. आणि त्याच्या पुष्कळ पुढे, शेवटाला थोडीच पानं उरली असताना, एका पानाचा कोपरा दुमडलेला. मोठा त्रिकोण. पुस्तकाचे कान पिरगळायची तुझी ती घाण सवय मी ओळखणार नाही का? मागे आणखी तसेच कोपरे होते, तू कुठे कुठे थांबलीस ते सांगणारे. सुलभा, पोरीच्या हातातून काढून घेतलेलं पुस्तक तू ऑफ तासाला बसून वाचत होतीस.

मी तिथेच स्टुलावर बसले. तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. अगं, बघायला घेतलं आणि ओढच लागली, संपलं की देणारच होते. असशील देणार. दिवाळीनंतर देणार असशील. तेवढ्यासाठी बोधाचा हट्ट सोडला असतास की नाही, हे मला आता कधी कळायचं नाही. पण हत्तीचं काय झालं ते न कळताच तू गेलीस, हे मात्र त्या दुमडलेल्या कोपऱ्यावरून कळलं. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. आधी वाटलं ते असं, की बरी खोड मोडली.

शनिवारी मी ते पुस्तक सानिकाच्या बाकावर नेऊन ठेवलं. तुझे सगळे कोपरे सरळ केले होते, चॉकलेटचा कागद होता तिथेच ठेवला होता. वाटलं होतं ती झडप घालेल. तिनं पुस्तक हातात घेतलं, कागद होता ते पान उघडलं, थोडं वाचलं. ओठ हलले. मग मिटलं आणि मला विचारलं, यावर परिचय लिहायचाय का? मी म्हटलं, नाही, बाळा, आता काहीही लिहायचं नाही, नुसतं वाच. तिनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"मग आता नको, मॅडम."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी केलं असतं. तिनं पुढे जाऊन सतरंजीवरचं सगळ्यात पातळ पुस्तक उचललं, लेखकाचं नि प्रकाशकाचं नाव कुठे आहे ते बघितलं आणि वहीत लिहून घेतलं. त्या तासाला वर्गातली सगळीच पोरं तेवढं करतात. तू शिकवलंस, आणि चांगलं शिकवलंस. माझी इतक्या वर्षांची भांडणं एका पोरीला पुन्हा त्या हत्तीपाशी नेऊन बसवू शकली नाहीत, आणि ज्याच्याशी पुढचं भांडण करायचं ते माणूस फोटोत हसतंय. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाला माफ करावं. मी करत नाही. ज्या दिवशी ती पोरगी स्वतःहून पुस्तक मागेल त्या दिवशी बघू.

तोवर ते माझ्या टेबलावर आहे, तिला बाकावरून दिसेल असं. शनिवारी निघताना मी ते घरी आणलं आणि काल रविवारी दुपारचं जेवण बाजूला ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. हत्तीचं काय झालं ते मला कळलंय. सानिकानं विचारलं तर मी तिला म्हणेन, तूच वाच. तू मात्र कितीही विचारलंस, स्वप्नात येऊन पाया पडलीस, तरी तुला सांगणार नाही.